'उपाशीपोटी' म्हणजे नेमकं काय? (एका पत्रकाची रडकथा आणि उपयोजित भाषाविज्ञान)

निंबोणी | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, एका वाक्यासाठी मदत हवी आहे. पण आधी किस्सा.

मी वैद्यकीय कागदपत्रांची मराठी भाषांतरं करते. तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्यासाठी 'शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचना' असं एकपानी पत्रक करून दिलं होतं. त्यातली पहिली सूचना अशी: 'रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी किमान आठ तास उपाशीपोटी असणे अनिवार्य आहे.' व्याकरण चोख, ऱ्हस्वदीर्घ चोख. गेल्या महिन्यात तिथल्या सिस्टरचा फोन आला. "ताई, लोक खाऊन येतात हो. ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतात. पत्रक कुणी वाचतच नाही."

मी दोन दिवस तिथे बाकावर जाऊन बसले. लोक वाचत होते. ज्यांना येत नव्हतं ते नातवंडांकडून वाचून घेत होते. तरी काय होत होतं ते ऐका.

सिस्टर : "आजोबा, सकाळपासून काही खाल्लंय का?"
आजोबा : "नाय बा."
सिस्टर : "चहा?"
आजोबा : "च्या घेतला की. दोन बटर बुडवून."

आजोबा खोटं बोलत नव्हते. मराठीत चहा 'घेतात', खात नाहीत, आणि चहात बुडालेला बटर हा चहाचाच भाग असतो. एका मावशींना कुणीतरी तोंडी सांगितलं होतं, "उद्या उपास धरा." त्या वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या होत्या. तिसऱ्या बाई खरोखर काही न खाता आल्या होत्या, पण मिश्री लावून. मिश्री 'लावतात', फराळ 'करतात', गोळी 'घेतात', बिडी 'ओढतात'. आमचं पत्रक ज्या 'खाणे' या क्रियापदावर उभं होतं, त्याच्या कुंपणाबाहेर निम्मं जग राहतं.

मी भाषाविज्ञानात एमए केलं तेव्हा आत्याने विचारलं होतं, "म्हणजे शुद्धलेखन तपासायची नोकरी का?" उपयोजित भाषाविज्ञान (म्हणजे भाषेच्या अभ्यासातून रोजच्या व्यवहारातल्या अडचणी सोडवणं) हे नाव घेतलं की आपल्याकडे लोकांना परदेशी भाषांचे क्लास आठवतात. पण 'लोक ऐकत नाहीत', 'अडाणी आहेत' असं म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातलं बरंचसं भाषेचं दुखणं असतं आणि ते बरं करता येतं, असं माझं मत झालंय. तुमच्या कामात असं काही पाहिलंय का? आणि हो, ते वाक्य कसं लिहू?

---

शुद्धमती | सोमवार, रात्री ११.१५

उपाशीपोटी हा सोपा, सुंदर मराठी शब्द आहे. चहा-बटर खाऊन कुणी स्वतःला उपाशी म्हणवत असेल तर दोष शब्दाचा नाही. भाषा खाली आणण्यापेक्षा लोकांना वर आणा. आणि 'ऑपरेशनं' काय? शस्त्रक्रिया म्हणा.

---

खर्डेघाशी | मंगळवार, सकाळी ७.०५

शुद्धमतीताई, मी एकतीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी केली. लोकांना वर आणण्याचा कार्यक्रम आमच्याकडे रोजच चालायचा. तीन मजले वर आणायचो, सही घ्यायचो, परत पाठवायचो.

एक कबुली देतो. आमचं एक ठरलेलं वाक्य होतं : 'उपरोक्त विषयान्वये विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता न झाल्याने आपले प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' एकदा एक शेतकरी हे पत्र हातात धरून पेढे घेऊन आला. त्याला वाटलं, निकाल लागला, काम झालं! निकाली काढणे म्हणजे आमच्या लेखी फाईल बंद. कामाचा निकाल लागला असं आम्ही वैतागून म्हणतो आणि परीक्षेचा निकाल लागला की पेढे वाटतो. तो बिचारा परीक्षेच्या अर्थाने आला होता. साहेब हसले. मी पेढा हातात घेऊन उभा राहिलो. तो खाल्ला की नाही, ते आता आठवत नाही.

'दप्तरी दाखल' ची तीच कथा. माणसाला वाटतं अर्ज दाखल झाला, म्हणजे आता पुढे सरकेल. आमच्याकडे दप्तरी दाखल म्हणजे फडक्यात बांधून कपाटात. 'नस्तीबद्ध' तर विचारूच नका.

मात्र एक गोष्ट सांगतो, शब्द अवघड म्हणून लोक अडतात हे पूर्ण खरं नाही. भोगवटादार, फेरफार, पोटखराबा, बोजा, आणेवारी हे शब्द शहरातल्या पदवीधराला कळत नाहीत, पण पाचवी नापास शेतकऱ्याला पाठ असतात, कारण त्याची जमीन त्या शब्दांत अडकलेली असते. सातबारा त्याला आमच्यापेक्षा चांगला वाचता येतो. अडतो तो वाक्यात. 'काढण्यात येत आहे' : कोण काढतंय? 'पूर्तता न झाल्याने' : कुणी करायची होती? कधीपर्यंत? आमच्या मराठीत कर्ता नसतो, कारण कर्त्याला पुढे जबाब द्यावा लागतो. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याने कारभार मराठीत आणला, कर्ता मात्र आणायचा राहिला.

---

शुद्धमती | मंगळवार, सकाळी ७.५०

कर्त्याचं मान्य. ऑपरेशनचं नाही.

---

हौन्स्लोकर | मंगळवार, दुपारी २.२०

निंबोणी, तुझ्या आजोबांवरून इथला एक प्रसिद्ध किस्सा आठवला. मी हीथ्रोच्या धावपट्टीखालीच राहतो म्हणा ना, त्यामुळे तो आमच्या गल्लीतलाच वाटतो.

सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढपी म्हणून लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू : या बायका उर्मट आहेत, तुसड्या आहेत. बायकांचं म्हणणं, गोरे आम्हाला मुद्दाम त्रास देतात. वंशभेदाचं प्रकरण होण्याच्या बेतात होतं. तेव्हा जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने तिथली बोलणी ध्वनिमुद्रित करून ऐकली. बायका दिवसभरात बोलायच्या किती? जवळजवळ एकच शब्द. मांसाचं ताट घेतलेल्याला विचारायचा, 'ग्रेव्ही'. इंग्रज बाई तो शब्द शेवटी सूर चढवून म्हणायची, म्हणजे 'ग्रेव्ही हवीय का?' आपल्या बायका सूर खाली सोडून म्हणायच्या. त्यांच्या भाषेच्या सवयीने तो विचारण्याचाच सूर होता, पण इंग्रजी कानाला ते 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे' असं लागायचं. दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवल्यावर बायका आधी म्हणाल्या, दोन्ही सारखीच तर आहेत. मग समजावून सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लोक आपल्याकडे असं का बघतात. आणि साहेब मंडळींच्याही लक्षात आलं की तो उर्मटपणा नव्हता.

मी इथे नवीन होतो तेव्हा माझ्या साहेबाने मूल्यमापनात लिहिलं होतं की हा हुकूम सोडतो. मी म्हणायचो, "सेंड मी दॅट फाईल." डोक्यात 'जरा ती फाईल पाठव ना' असायचं. आपल्या 'जरा' आणि 'ना' मध्ये सगळी विनंती भरलेली असते. इंग्रजीत येताना ते दोन्ही कस्टममध्ये अडकतात.

मात्र एक शंका घेतलीच पाहिजे. काही लोक म्हणतात की सगळं सुरावर ढकललं की खरा वंशद्वेष झाकला जातो. मला त्यातही तथ्य वाटतं. इथे सूर कितीही चढवला तरी तुच्छतेने बघणारे मी पाहिलेत.

---

मिरजमळा | मंगळवार, दुपारी ३.०५

ओ थांबा थांबा! गम्पर्झ? अहो ते आमच्या कुपवाडचे की!

म्हणजे जन्म जर्मनीतला, नोकरी अमेरिकेत बर्कलीला. पण भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना सांगली जिल्ह्यातलं कुपवाड माहीत आहे ते त्यांच्यामुळे. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला लेख १९७१ साली आला. तेव्हा कुपवाड खेडं होतं, आता सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली. गावात जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, बाकी मराठी, थोडी तेलुगू. शतकानुशतकं शेजार. झालं काय, तर शब्द आपापले राहिले आणि व्याकरण एक झालं. त्या लेखातलं एक वाक्य मला पाठ आहे. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', कुपवाडी उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कानडीतही त्याच क्रमाने, शब्दाला शब्द.

आमच्या आजीला सांगितलं तर म्हणाली, यात काय शोधलं? बाजारात तिन्ही भाषा बोलता येत नसतील तर भाजी विकायची कशी! पण बघा, सगळ्यांनी एकच भाषा धरली नाही. घरात घरची, चावडीवर मराठी. भाषा वेगळ्या म्हणजे भांडण असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन जावं. (सीमाप्रश्न या धाग्यावर काढू नये ही विनंती. वेगळा धागा आहे, चार वर्षं चालू आहे.)

---

टॉवरवाला | मंगळवार, रात्री ९.३०

विमानांचा विषय निघालाच आहे म्हणून. मी हवाई वाहतूक नियंत्रणात होतो, आता निवृत्त.

जानेवारी १९९०. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलेलं. सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलं की इंधन संपत चाललंय, आधी 'प्रायॉरिटी' ही मागितली. पण 'इमर्जन्सी' हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. आमच्या धंद्यात तो शब्द उच्चारला की सगळं आकाश रिकामं करून देतात. नाही उच्चारला तर तुम्ही रांगेतले एक. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, ७३ माणसं गेली.

आणि आपलं हरियाणातलं चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर, ३४९ मृत्यू. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि वैमानिकांना इंग्रजी कितपत कळत होतं हा प्रश्न चौकशीत मोठा होता. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नियम आला : सहा पायऱ्यांची भाषेची परीक्षा, किमान चौथी पायरी हवी. २००८ पासून लागू. ती परीक्षा बांधण्यात भाषाशास्त्रज्ञांचाही हात आहे. तिच्यात निबंध नाही, अलंकारिक इंग्रजी नाही. व्याकरण, शब्द बघतातच, पण उच्चार समोरच्याला कळतो का, नाही कळलं तर परत विचारता का, हेही बघतात. तुमच्या पत्रकाचीही अशीच परीक्षा घ्या.

---

मेळघाट_मास्तर | बुधवार, सकाळी ६.१५

रेंज आहे तोवर लिहितो.

माझ्या वर्गात पहिलीत अठरा पोरं, सोळा कोरकू. पहिल्या वर्षी मी अहवालात दहा जणांपुढे 'अप्रगत' लिहिलं. मी म्हणायचो "पाणी", पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. त्यांच्या घरी पाण्याला 'डा' म्हणतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची बहीण. मराठीशी नातंच नाही. गोंडी पुन्हा निराळी, ती द्राविडी. आपण सगळ्यांना 'बोली' म्हणून एका गोणीत भरतो आणि समजतो की थोडं हळू बोललं की कळेल. जपानी मास्तर हळू बोलला तर तुम्हाला कळेल का?

दुसऱ्या वर्षी मी एका पोराच्या आजीला वर्गात बसवलं आणि तिच्याकडून शब्द लिहून घेतले. त्या 'अप्रगत' दहातल्या सात जणांनी मला कोरकू शिकवायला सुरुवात केली आणि माझ्या उच्चारांना खदखदून हसली. मग कळलं अप्रगत कोण.

घटनेत अनुच्छेद ३५०क १९५६ पासून आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा म्हणून. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावने २०१९ मध्ये ग्रामसभेच्या जोरावर गोंडी शाळा काढली. माझ्या शाळेत आजी आहे, तिला मानधन नाही. गेली रेंज.

---

झुळूक | बुधवार, सकाळी ९.४०

मास्तरांच्या प्रतिसादाला +१००. बाकी धागा वाचनखूण साठवलाय.

---

तारीख_पे_तारीख | बुधवार, रात्री १०.१०

कोर्टात दुभाषी आणि भाषांतरकार म्हणून काम केलंय. खर्डेघाशींच्या कर्ताहीन मराठीला आमच्याकडे जुळा भाऊ आहे : पोलिसी जबाब. 'मी समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून विचारलेवरून सांगतो की, सदर इसम हा...' असं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ऊसतोड मजूर बाई असो की बँक मॅनेजर, जबाबात सगळे 'सदर इसम' म्हणतात. लिहिणारा हवालदार एक, म्हणून बोलणाऱ्या सगळ्यांची भाषा एक.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लंडनमध्ये टिमोथी इव्हान्सला बायको-मुलीच्या खुनाच्या प्रकरणात १९५० मध्ये फाशी झाली. पुढे त्याच घरात राहणारा दुसराच माणूस एकामागून एक खून करणारा निघाला. इव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. यान स्वार्तविक या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने त्याचे पोलिसांपुढचे जबाब तपासून १९६८ मध्ये दाखवलं की गुन्हा कबूल करणाऱ्या भागाची वाक्यरचना आणि बाकी जबाबाची वाक्यरचना एकमेकांशी जुळत नाही. न्यायवैद्यक भाषाविज्ञान (म्हणजे कोर्टकचेरीच्या कामात भाषेचा पुरावा तपासणं) हे नाव तिथून रूढ झालं. डेरेक बेंटलीचंही तसंच. १९५३ मध्ये फाशी, १९९८ मध्ये शिक्षा रद्द. त्याच्या जबाबात 'मग' या अर्थाचा इंग्रजी शब्द पोलीस जिथे घालतात तिथे पुन्हा पुन्हा येतो, साधा माणूस बोलताना घालतो तिथे नाही. माल्कम कुल्टहार्ड यांनी ते मोजून दाखवलं.

आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली सहसा पुरावा म्हणून चालत नाही आणि तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. इंग्रजांनीच हा कायदा इथे केला आणि स्वतःच्या घरी मात्र जबाबावर माणूस लटकवला, ही गंमत मला नेहमी वाटते. तरी उलटतपासात 'पोलिसांना तुम्ही असं सांगितलं नव्हतं' म्हणून साक्षीदाराला पकडतात ते याच जबाबावरून. एका बाईने न्यायाधीशांना सांगितलं होतं, "साहेब, मी सांगितलं ते खरं, त्यांनी लिहिलं ते मराठी."

---

शुद्धमती | बुधवार, रात्री १०.४५

हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं. माझा आक्षेप थोडा मागे घेते. निंबोणी, 'निर्जळी' लिही. निर्जळी एकादशी कुणालाही कळते. खेड्यात 'निरंकार' म्हणतात, तेही चालेल. चहा, बटर, खिचडी सगळं एका शब्दात बाद.

---

भूलबाई | गुरुवार, सकाळी ८.२०

मी भूलतज्ज्ञ आहे. कृपा करून 'निर्जळी' लिहू नका!

आजच्या पद्धतीत जेवणाला साधारण सहा ते आठ तासांचं अंतर हवं, पण साधं पाणी बहुतेक रुग्णांना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. निर्जळी म्हटलं की म्हातारी माणसं धर्म म्हणून पाळतात. दुपारी तीनचं ऑपरेशन, मे महिना, आणि आजी आदल्या रात्रीपासून पाण्याविना, ओठ सुकलेले. वर बीपीची गोळीही घेत नाहीत, कारण ती पाण्याबरोबर घ्यायची असते. इतक्या चांगल्या शब्दाने असा घोटाळा होतो, कारण शब्द एकटा येत नाही, सोबत पुण्य घेऊन येतो.

आणि 'का' ते लिहा. आम्ही डॉक्टर नुसता हुकूम सोडतो. भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, जीवावर बेततं. हे कळलं की लोक बटर लपवत नाहीत.

---

निंबोणी | शनिवार, सायंकाळी ६.००

सगळ्यांचे आभार. टॉवरवाला काकांचं ऐकून परीक्षा घेतली. बाकावरच्या अकरा जणांना मसुदा वाचायला दिला किंवा वाचून दाखवला, आणि 'समजलं का?' असं विचारलंच नाही. त्याला सगळे 'हो' म्हणतात. 'मग उद्या सकाळी उठल्यावर काय काय कराल, सांगा' असं विचारलं. 'रात्री बारानंतर खाऊ नका' ला चार जण अडखळले : मंगळवारची रात्र बारा म्हणजे मंगळवार लागतानाची की संपतानाची? म्हणून बारा काढून दहा केले. आताचा मसुदा :

'ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ____वारी, रात्री १० च्या आत जेवा. त्यानंतर तोंडात काही घालू नका. चहा, दूध, बिस्कीट, बटर नको. उपासाचे पदार्थ नकोत. तंबाखू, मिश्री, पान नको.
साधं पाणी ऑपरेशनच्या दिवशी ____ वाजेपर्यंत पिऊ शकता. (वेळ सिस्टर लिहून देतील.)
रोजच्या गोळ्या : डॉक्टर खाली खूण करतील, खूण असलेली गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या.
पोटात काही असेल तर भूल दिल्यावर ते श्वासाच्या नळीत जाऊ शकतं, जीवाला धोका होतो.
चुकून काही खाल्लं-प्यायलं तर आम्हाला सांगा. कोणी रागावणार नाही.'

शेवटच्या वाक्यावर सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे छापू नका. आमचे एक सर रागावतात."

---

खर्डेघाशी | शनिवार, सायंकाळी ६.३५

छापा. सरांनाही एक प्रत द्या.

---

हौन्स्लोकर | शनिवार, रात्री ८.१०

आईला व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवला. ती विचारते, 'तोंडात काही घालू नका' म्हणजे कवळी काढून यायची का?

---

भूलबाई | शनिवार, रात्री ८.१५

काढायचीच असते! भुलेच्या आधी काढून घरच्यांकडे द्यायची. ते पत्रकात कुठेच नाहीये.

---

निंबोणी | शनिवार, रात्री ८.२०

लिहिते. 'कवळी' च लिहू ना? की काही भागांत 'दाताची फळी' किंवा नुसतं 'नकली दात' म्हणतात?